टीएससी अरेना, बाच्का तोपोला: बारा हजारांच्या गावातलं युरोपचं मैदान

आधी निकाल: पाचपैकी चार तारे. सर्बियात फुटबॉल बघायला निघालेला माणूस साहजिकच बेलग्रेडला जातो आणि रेड स्टार किंवा पार्टिझान या तिथल्या दोन बड्या क्लबांच्या मशाली बघून, कान बधिर करून परत येतो. त्याला माझी हरकत नाही. पण ज्याला फुटबॉलबरोबर गावही बघायचं आहे, एका क्लबच्या पोटात शंभर वर्षांचं राजकारण कसं मावतं ते समजून घ्यायचं आहे, त्याने उत्तरेला, वोय्वोदिना प्रांतातल्या बाच्का तोपोलाला जावं. लोकसंख्या साधारण १२,०००, तिथल्या टीएससी क्लबच्या मैदानाची क्षमता ४,५००. मनात आणलं तर एक तृतीयांशाहून जास्त गाव एका वेळी आत बसू शकतं. लीगच्या साध्या सामन्याला ते बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी मूळची कोल्हापूरची, पेठेत वाढलेली. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की शाहू स्टेडियमवर ओरडून आवाज बसवायचा, ही आमच्याकडची रीत. सध्या हंगेरीतल्या सेगेडमध्ये एका प्रयोगशाळेत नोकरी करते. सेगेड पडलं हँडबॉलचं शहर, तिथे माझी तहान भागेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने सुचवलं, की सरहद्दीपलीकडे जा, तिथे आमचा एक क्लब आहे. ‘आमचा’ म्हणजे हंगेरियन लोकांचा, पण खेळतो सर्बियाच्या लीगमध्ये. त्या एका शब्दात किती भानगडी आहेत हे तिथे गेल्यावर कळलं.

जायचं कसं, ते आधी उरकते. भारतीय पासपोर्टवर पूर्वी सर्बियात व्हिसाशिवाय जाता येत होतं, १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत बंद झाली. मात्र शेंगेनचा चालू व्हिसा किंवा रहिवासी परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. निघण्याआधी नियम पुन्हा एकदा तपासा, ते बदलत असतात. सेगेडहून सुबोतित्साला रेल्वे आहे. अनेक वर्षं बंद असलेला हा मार्ग २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाला. सुबोतित्साहून पुढे बस. मी कापलेला एक तारा या बसवरच गेला. वेळापत्रकात छापलेली संध्याकाळची गाडी आलीच नाही, आणि पुढची गाडी कधी हे विचारायला खिडकीत माणूस नव्हता. मैदानाचा यात काडीचा दोष नाही, पण तारे देताना मी दिवस अख्खा धरते, नव्वद मिनिटं नाही. गाडी असेल तर सरळ गाडीने जा. महामार्ग गावाजवळूनच जातो. रोझ्के-होर्गोशच्या सीमेवर मात्र सुट्टीच्या दिवसांत रांग लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

गाव सपाट आहे. पॅनोनियन मैदान म्हणतात ते हेच. काळीभोर माती, मका, सूर्यफूल, आणि क्षितिजापर्यंत एक टेकडी म्हणून नाही. पाट्या सर्बियन आणि हंगेरियन दोन्ही भाषांत. पाववाल्या बाईंनी आधी हंगेरियनमध्ये विचारलं, माझा चेहरा बघून सर्बियनवर आल्या, मग हसून बोटाने दाखवायला सांगितलं. जवळच झोब्नातित्साचा जुना अश्वपालन केंद्राचा परिसर आहे, तळंही आहे. सामना संध्याकाळचा असेल तर सकाळ तिथे घालवता येते. घोड्यांतलं मला काही कळत नाही, पण कळणाऱ्यांनी चुकवू नये.

आता मैदान. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये उघडलं. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, गट साखळीचे सामने इथे होऊ शकतात, म्हणजे दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, पत्रकारांची सोय, सगळं वरच्या दर्जाचं. सर्बियातल्या बऱ्याच क्लबांना हे भाग्य नाही. युगोस्लाव्हियाच्या काळातल्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर प्लास्टिकच्या खुर्च्या ठोकून त्यांचं चाललेलं असतं. इथली सर्वात मोठी जमेची बाजू म्हणजे अंतर. खेळपट्टीभोवती धावपट्टी नाही, त्यामुळे पहिल्या काही रांगांतून बचावपटू एकमेकांना काय शिव्या घालतात तेही ऐकू येतं (सर्बियन शिव्यांचं आंतरराष्ट्रीय आकर्षण मला आता समजलं). कोपऱ्यातून बसलं तरी दोन्ही गोल नीट दिसतात. स्वच्छतागृहं स्वच्छ. बाईमाणसाने एकटीने जाण्याबाबत विचाराल तर इथे मला एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही.

पण एवढ्यासाठी कुणी सरहद्द ओलांडायची गरज नाही. नवी कोरी, नीटनेटकी मैदानं युरोपात पैशाला पासरी मिळतात. बाच्का तोपोलाला जायचं ते क्लबच्या कुळकथेसाठी, आणि ती माहीत नसेल तर समोरचा खेळ म्हणजे निळ्या कपड्यातले अकरा जण, एवढंच.

क्लब स्थापन झाला १९१३ मध्ये. तेव्हा हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, हंगेरियन नाव तोपोया, आणि क्लब ‘तोपोयाई स्पोर्ट क्लब’. टीएससी ही अक्षरं तिथली. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, साम्राज्य मोडलं आणि १९२० च्या त्रियानों तहाने बाच्का प्रदेशाचा हा भाग सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या नव्या राज्याकडे गेला. माणसं आपापल्या घरीच होती, राजधानी तेवढी बुडापेस्टऐवजी बेलग्रेड झाली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४४ पुन्हा हंगेरी. मग टिटोचा युगोस्लाव्हिया, मग मिलोशेविचचा, मग सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोचा जोडसंसार, आणि २००६ पासून सर्बिया. एवढ्या राज्यांचे झेंडे बघितलेल्या क्लबचं स्वतःचं नावही वेळोवेळी बदलत गेलं.

त्यातलं माझं आवडतं नाव एआयके. म्हणजे कृषी-औद्योगिक कंबाइन, शेती आणि तिच्यावरचे कारखाने एकत्र चालवणारा उद्योगसमूह. समाजवादी युगोस्लाव्हियात गावचा क्लब आणि गावचा कारखाना यांची गाठ पक्की असे. लुचानीच्या म्लादोस्तमागे दारूगोळ्याचा कारखाना, स्मेदेरेवोच्या सार्टिदमागे पोलादाचा. सार्टिदने तर २००३ मध्ये रेड स्टारला हरवून राष्ट्रीय चषकच उचलला. बाच्काच्या काळ्या मातीत मोठं काय असणार, तर शेतीचं कंबाइन. तेच क्लबच्या छातीवर चढलं. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाना मल्ल पोसतो, मॅटवरच्या पोराच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं, तोच हा प्रकार. कारखान्याचं बरं चाललं की खुराक बरा, कारखाना खोकला की तालीम आजारी.

नव्वदच्या दशकात तर सगळा देशच आजारी होता. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले, युगोस्लाव्हियाचा संघ युरो स्पर्धेच्या तोंडावर बाहेर काढला गेला, १९९३ मध्ये दिनारची किंमत तासातासाला घसरायला लागली, १९९९ मध्ये नाटोचे बॉम्ब पडले. या काळात एका लहान गावच्या खालच्या श्रेणीतल्या क्लबात काय उगवावं? उगवला निकोला झिगिच. १९८० मध्ये याच गावात जन्मलेला, उंची २ मीटर २ सेंटीमीटर. १९९८ ते २००१ तो एआयकेकडून खेळला. पुढे रेड स्टार, रासिंग सांतांदेर, व्हॅलेन्सिया, बर्मिंगहॅम. २७ फेब्रुवारी २०११ रोजी वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात बर्मिंगहॅमने आर्सेनलला २-१ हरवलं, त्यातला पहिला गोल झिगिचचा, डोक्याने. आर्सेनलचे आपल्याकडचे चाहते तो दिवस अजून विसरलेले नाहीत. माझा धाकटा भाऊ त्यांतला एक.

आणि दुशान तादिच. जन्म १९८८, हेच गाव, सुरुवात इथल्याच एआयकेच्या मुलांच्या संघात. मग नोवी सादचा वोय्वोदिना (प्रांताच्याच नावाचा क्लब), ग्रोनिंगन, ट्वेन्टे, साउदॅम्प्टन, आयाक्स. ५ मार्च २०१९ ला आयाक्सने बेर्नाबेऊवर रेआल माद्रिदला ४-१ धुतलं, त्या रात्री फ्रान्सच्या ‘लेकिप’ने त्याला दहापैकी दहा गुण दिले, जे ते वर्तमानपत्र फारच क्वचित देतं. सर्बियाच्या राष्ट्रीय संघासाठी शंभरावर सामने त्याच्या नावावर आहेत.

बारा हजारांच्या गावातून, पडक्या काळात, आठ वर्षांच्या अंतराने जन्मलेले हे दोघे. तेव्हा इथे युएफाच्या दर्जाचं काही नव्हतं. नव्या मैदानात बसून मला पुन्हा पुन्हा हीच गोष्ट आठवत होती, कारण आता पैसा आहे आणि पैशावरच सगळी चर्चा चालते.

पैसा कुठून आला हे उघड गुपितही नाही, नुसतंच उघड आहे. गेल्या दशकात बुडापेस्टच्या सरकारने सरहद्दीपलीकडच्या हंगेरियन वस्तीतल्या क्लबांना सढळ हाताने मदत केली. स्लोव्हाकियातला दुनाइस्का स्त्रेदाचा डीएसी, रोमानियातला सेप्सी, आणि सर्बियात टीएससी. मैदान आणि अकादमी त्या मदतीतून उभी राहिली. या काळात क्लबचे अध्यक्ष होते यानोश झेंबेरी. निकाल लगेच दिसले: २०१८ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीतून वर आला, २०१९ मध्ये दुसरी श्रेणी जिंकली, आणि सर्वात वरच्या श्रेणीतल्या, म्हणजे सुपरलीगातल्या, पहिल्याच हंगामात, प्रशिक्षक झोल्तान साबोच्या हाताखाली, चौथा आला. दक्षिणेकडचे चाहते नाक मुरडतात आणि याला राजकारण्यांचं खेळणं म्हणतात. त्यांचं पूर्ण चूक नाही. परदेशी सरकारने दुसऱ्या देशातल्या क्लबवर एवढा खर्च करावा तो निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी, असं मीही मानत नाही. मतांचा आणि अस्मितेचा हिशेब त्यात असणारच. पण मला त्या नाक मुरडण्यात थोडी सोय दिसते. रेड स्टार आणि पार्टिझान युगोस्लाव्हियाच्या सत्तेच्या सावलीतच वाढले, पार्टिझान तर सैन्याचाच क्लब. इथे कोणाचंच ताट स्वकष्टाचं नाही. फरक एवढाच, की तोपोलाच्या ताटात वाढणारा हात पलीकडच्या देशाचा आहे.

पैशाने काय मिळालं? एक म्हणजे १७ सप्टेंबर २०२०. युरोपा लीगची पात्रता फेरी, रोमानियाचा एफसीएसबी, कोविडमुळे रिकाम्या खुर्च्या. निर्धारित आणि जादा वेळ मिळून ६-६. बारा गोल! पेनल्टीवर टीएससी ४-५ हरला. त्या सामन्याचे गोल नेटवर बघा, बचाव कसा करू नये याचा दोन्ही संघांनी घालून दिलेला धडा आहे, आणि मजा अशी की नजर हटत नाही.

दुसरं म्हणजे २०२२-२३ चा हंगाम. झार्को लाझेतिच प्रशिक्षक. रेड स्टार पहिला, आणि त्याच्या मागे दुसरा टीएससी, पार्टिझान चौथा. बक्षीस म्हणून चॅम्पियन्स लीगची पात्रता, तिथे पोर्तुगालच्या ब्रागाने ३-० आणि ४-१ असं घरी पाठवलं, आणि मग एक पायरी खालच्या युरोपा लीगच्या गटात वेस्ट हॅम, फ्रायबर्ग, ओलिंपियाकोस. २१ सप्टेंबर २०२३ ला लंडन स्टेडियमवर, म्हणजे जिथे अख्खं तोपोला पाच वेळा बसेल अशा ठिकाणी, दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच पेतार स्तानिचने गोल करून टीएससीला आघाडी दिली. तीन महिन्यांपूर्वीच युरोपची तिसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, कॉन्फरन्स लीग, जिंकलेला वेस्ट हॅम पिछाडीवर! शेवटी ३-१ हरले, ठीक आहे. ओलिंपियाकोसशी घरच्या मैदानावर २-२. आणि ३० नोव्हेंबरला वेस्ट हॅम या गावात आला. ८९ व्या मिनिटापर्यंत ०-० होतं, मग टोमाश सोउचेकने गोल केला. मी नंतर गेले त्या सामन्यात शेजारी बसलेल्या आजोबांनी तो गोल मला हातवारे करून सांगितला, जणू कालच झालाय आणि चूक माझीच आहे. गटात एकच गुण, शेवटचा क्रमांक. पुढच्या हंगामात कॉन्फरन्स लीगच्या बाद फेरीपर्यंत गेले, तिथे पोलंडच्या यागिएलोनियाने दोन्ही सामने ३-१ जिंकले.

एक विचित्र उपकथाही आहे. युद्धामुळे इस्रायलच्या क्लबांना युरोपातले घरचे सामने मायदेशी खेळता येत नव्हते, तेव्हा मक्काबी तेल अवीवने या मैदानाचा आसरा घेतला. बुडापेस्टच्या पैशातून सर्बियात उभं राहिलेलं मैदान आणि तिथे तेल अवीवचा ‘घरचा’ सामना. नकाशाचं काय व्हायचं ते होवो.

आता प्रत्यक्ष सामन्याचा दिवस. मी गेले तो लीगचा साधा सामना होता, पाहुणा संघ दक्षिणेकडून आलेला, आणि खेळ सुमार. तिकीट स्वस्त. मैदान अर्ध्याहून जास्त रिकामं, आणि हे फक्त इथलं नाही, मोठ्या दोन क्लबांचे सामने सोडले तर अख्ख्या सर्बियन लीगचं दुखणं आहे. आरोळ्या हंगेरियनमध्ये, ‘हय्रा तोपोया’, आणि मधूनच सर्बियनमध्येही. रेफ्रीवर राग मात्र सगळ्यांचा एकाच सुरात. शेजारच्या आजोबांनी सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे केली. सर्बियात मैदानावर बिया सोलत बसायची जुनी सवय आहे. टरफलं पायाशी पडत राहतात, हात रिकामा राहत नाही, सामना कंटाळवाणा असला तरी वेळ जातो. एवढ्या चकाचक मैदानात पायाखाली टरफलांचा सडा बघून मला बरं वाटलं. गाव अजून गावच आहे.

खाण्याचं सांगायचं तर मैदानाबाहेर एका गाड्यावर प्लेस्काविका खाल्ली. म्हणजे कोळशावर भाजलेली खिम्याची मोठी चपटी टिक्की, पावात, वर कांदा आणि लाल मिरचीची चटणी, आयवार. मांस उत्तम, भाजणी उत्तम, आणि ‘तिखट घालू का’ असं विचारून त्यांनी जे घातलं त्याला कोल्हापुरात लहान पोरंही तिखट म्हणणार नाहीत. शाकाहारी मंडळींनी लांगोशवर भागवावं: तेलात तळलेली मैद्याची जाड पुरी, वर आंबट साय आणि किसलेलं चीज. पोट भरतं, नंतर झोप येते. दिनार रोख जवळ ठेवा, युरोला साधारण ११७ मिळतात. लहान गाड्यांवर कार्डाचं नाव काढू नका.

निळा-पांढरा मफलर घेतला. विणकाम जाड, पहिल्या धुण्यात रंग गेला नाही. सेगेडच्या हिवाळ्यात तो रोज वापरते, आणि ट्राममध्ये अनोळखी माणसं त्यावरून बोलायला येतात, हा फायदा किमतीत धरलेला नव्हता.

कुणी जावं? लहान मुलं असलेल्यांनी जरूर, धक्काबुक्की नाही. गर्जना, मशाली, अंगावर काटा हवा असेल त्यांनी नको, निराशा होईल. ज्यांना रेडिओ लावून जुने सामने आठवणाऱ्या म्हाताऱ्यांशी मोडक्यातोडक्या भाषेत बोलायला आवडतं, त्यांच्यासाठी तर नाद खुळा जागा.

सामना निवडताना मात्र डोकं वापरा. लीगच्या साध्या फेऱ्या संपल्या की वरचे आणि खालचे संघ वेगळे होऊन आणखी काही फेऱ्या खेळतात. वसंतातल्या या शेवटच्या फेऱ्यांत प्रत्येक गुणाला किंमत येते आणि खेळाला धार चढते, तेव्हा जा. रेड स्टार येणार असेल तर मैदान भरतं, पण निम्मा आवाज पाहुण्यांचा असतो आणि पोलीस जास्त. शेजारच्या सुबोतित्साचा स्पार्ताक समोर असेल तर ते तिकीट सर्वात आधी घ्या. जवळच्या गावाशी भांडण कसं असतं हे पेठेतल्या माणसाला सांगायला नको. आणि परतीचं वाहन सामन्याआधी ठरवून ठेवा.